चित्रित संगीत नाटक : प्रयोग की चित्रपट?
(पुरस्कारांच्या पात्रतेसंबंधी काही विचार)

प्रस्तावना

'हॅमिल्टन' या अमेरिकन संगीत नाटकाचे जून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात चित्रण झाले आणि ते ३ जुलै २०२० रोजी डिस्नेच्या वाहिनीवरून प्रदर्शित झाले. त्यानंतर या एकाच कलाकृतीच्या वाट्याला तीन निरनिराळे न्याय आले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या नियमानुसार ध्वनिचित्रमुद्रित रंगमंचीय प्रयोग स्पर्धेस पात्र ठरत नाहीत. त्यामुळे तेथे तिला प्रवेशच मिळाला नाही. गोल्डन ग्लोबने मात्र तिला संगीतप्रधान वा विनोदी चित्रपटांच्या विभागात नामांकन दिले. पुढे २०२१ मध्ये एमी पुरस्कारांनी तिला दूरचित्रवाणीवरील पूर्वमुद्रित विशेष कार्यक्रम म्हणून गौरविले. म्हणजे तीच कृती एका संस्थेच्या दृष्टीने चित्रपट, दुसरीच्या दृष्टीने दूरचित्रवाणीचा कार्यक्रम आणि तिसरीच्या दृष्टीने केवळ नाटकाची नोंद.

हा वाद परदेशी व दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः मराठी माणसाने तो १९१२ पासून अंगावर घेतलेला आहे, आणि भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वांत मोठ्या बहुमानाशी त्याचा संबंध आहे. चित्रित नाटकाला चित्रपट म्हणावे काय, आणि म्हटल्यास त्याला चित्रपटाचे कोणते पुरस्कार द्यावेत, या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे हा वाद मिटत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'पुंडलिक' : वादाचे मूळ

रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. वर्षभर आधीच्या कृतीला डावलून नंतरचीला 'पहिला भारतीय कथापट' हे पद मिळाले. त्यासाठी साधारणतः तीन कारणे दिली जातात : 'पुंडलिक' हे रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचे केवळ चित्रण होते, छायाचित्रणकार जॉन्सन नावाचा इंग्रज गृहस्थ होता, आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. शताब्दीच्या सुमारास, २०१३ मध्ये, हा विषय मुंबई उच्च न्यायालयातील याचिकेपर्यंत गेला, यावरून त्यामागील भावनेची तीव्रता लक्षात यावी.

यांपैकी दुसरे व तिसरे कारण राष्ट्रीयत्वाचे आहे. कलाप्रकाराशी त्याचा संबंध नाही. खरा प्रश्न पहिल्या कारणाचा. तेथे एक साधी गोष्ट अभ्यासकांकडून सहसा दुर्लक्षिली जाते : 'पुंडलिक' मूक होता. नाटकाचा प्राण संवादांत असतो, आणि त्या काळच्या मराठी नाटकाचा तर पदांतही. कॅमेऱ्याने हे दोन्ही काढून घेतले आणि केवळ हालचाल, मुद्रा व दृश्य शिल्लक ठेवले. शब्द आणि स्वर वजा केलेल्या या अवशेषाला 'नाटकाची जशीच्या तशी नोंद' कसे म्हणावयाचे? 'हॅमिल्टन'मध्ये नाटकाचा शब्द न् शब्द, स्वर न् स्वर शाबूत आहे. त्या मानाने 'पुंडलिक' आपल्या मूळ नाटकापासून फार दूर गेलेला होता. एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून केलेले चित्रण तोरण्यांना पसंत पडले नाही, म्हणून त्यांनी निरनिराळे भाग स्वतंत्रपणे चित्रित करून जोडले, असेही सांगितले जाते. ते खरे असेल तर संकलनाचा विचारही तेथे होता. आज त्याची प्रत उपलब्ध नसल्यामुळे पडताळा घेण्याचा मार्ग खुंटला आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर 'राजा हरिश्चंद्र' तरी रंगभूमीपासून कितपत मुक्त होता? त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. कथानक रंगभूमीवर रुळलेले, आणि रचनाही पौराणिक नाटकाच्या वळणाची. फाळक्यांचे मोठेपण यामुळे उणावत नाही. कॅमेरा आणणे, तंत्र शिकणे, माणसे तयार करणे, फिल्मवर स्वतः प्रक्रिया करणे आणि त्यातून एक उद्योग उभा करणे हे कर्तृत्व अनन्य आहे. मात्र 'जनक' असणे आणि 'पहिला' असणे या भिन्न गोष्टी आहेत. फाळक्यांचे जनकत्व निर्विवाद मानूनही 'पुंडलिक'ला चित्रपट म्हणता येते, आणि म्हणावे. १९६९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या सर्वोच्च चित्रपट पुरस्काराला फाळक्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. मात्र ते नाव 'पुंडलिक हा चित्रपट नव्हता' या युक्तिवादावर टेकविण्याची गरज नाही.

(कोलकात्यात हिरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्लासिक थिएटरच्या नाटकांतील दृश्ये चित्रित केली होती, त्यांत 'अलिबाबा' हे गीतनृत्यप्रधान नाटक होते. १९१७ च्या आगीत त्यांचे काम नष्ट झाले. 'पहिला कोण' या वादात त्यांचा बंगालबाहेर फारसा कोणी उल्लेख करीत नाही.)

प्रयोग आणि प्रत

संगीत नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. मराठीत नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणाला आपण 'प्रयोग' म्हणतो आणि त्याचा क्रमांकही मोजतो. पाचशेवा प्रयोग हा पहिल्याची नक्कल नसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) चालत आलेल्या परंपरेत तर प्रेक्षकाचा 'वन्स मोअर' हाही प्रयोगाचा घटक आहे. एकच पद कोणत्या रात्री किती वेळ रंगेल, कोणती जागा नव्याने घेतली जाईल, ऑर्गन व तबल्याची साथ कोठे थांबेल, हे नट, साथीदार आणि प्रेक्षक मिळून ठरवीत. 'मानापमान' (१९११) वा 'स्वयंवर' (१९१६) यांतील बालगंधर्वांचे गाणे ऐकलेल्यांच्या आठवणी नाटकाच्या कथानकापेक्षा त्या त्या रात्रीच्याच अधिक असतात. चित्रण यांपैकी एकच रात्र पकडते आणि तिला कायमची करते. ती इतर रात्रींची प्रतिनिधी असेलच असे नाही.

आरंभीच्या बोलपटात ही दरी लहान होती. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका व संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांनी केली. हेच टेंबे 'मानापमान'च्या चालींचे कर्ते. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नट चित्रण चालू असतानाच गात असे, साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवीत. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आले आणि शरीर व स्वर यांची फारकत झाली. संगीत नाटक व संगीतप्रधान चित्रपट यांतील खरी सीमारेषा माझ्या मते येथे आहे. ती कॅमेऱ्याच्या जागेत किंवा पडद्याच्या आकारात शोधून सापडणार नाही.

पुरस्कारांच्या यादीत ही सीमारेषा आपोआप उमटली आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत स्वतः गाणारे वसंतराव देशपांडे. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि त्यांचा गाता आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिव सुबोध भावे आणि त्याचा आवाज महेश काळे यांचा. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार काळे यांना मिळाला. त्याआधी 'बालगंधर्व' (२०११) चित्रपटासाठी आनंद भाटे यांना तोच पुरस्कार मिळाला होता; पडद्यावर तेव्हाही भावेच होते! पुढे 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे त्याच पुरस्काराचे मानकरी ठरले. तेथे मात्र वसंतरावांची भूमिका करणारे व गाणारे एकच. नाट्यसंगीताच्या विश्वातून आलेल्या तीन मराठी चित्रपटांना दहा-अकरा वर्षांत हा सन्मान मिळावा, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता १९६७ च्या 'कट्यार'चाच प्रयोग उत्तम कॅमेऱ्यांनी चित्रित झालेला असता आणि आज स्पर्धेत आला असता, तर वसंतरावांचा विचार कोणत्या विभागात झाला असता? पार्श्वगायक ते नव्हतेच. ते प्रेक्षकांसमोर, एकदाच, दुरुस्तीची सोय नसताना गात होते. अनेक वेळा गाऊन त्यांतील उत्तम भाग निवडलेल्या गाण्याशी त्या गाण्याची तुलना करणे हा दोघांवरही अन्याय आहे.

रूपांतर व चित्रण यांतील भेद

'कट्यार'चा चित्रपट हे रूपांतर आहे, चित्रण नव्हे. त्याच्या पात्रतेविषयी शंका संभवत नाही. तथापि या दोहोंमध्ये एक संदिग्ध प्रदेश आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह रंगमंचावर आले. १९७६ मध्ये युक्त फिल्म सहकारी संस्थेने त्यावर चित्रपट केला. मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. मोहन आगाशे यांच्यासह नाटकातील नटसंच तोच, संहिताही तेंडुलकरांचीच. तरीही तो पाहताना आपण नाट्यगृहात बसलो आहोत असे वाटत नाही. कॅमेरा येथे प्रेक्षकाची खुर्ची सोडून कथेच्या आत शिरतो. नट व शब्द तेच असूनही कृती बदलते. म्हणून 'नटसंच मूळ नाटकाचाच आहे' या कारणावरून कोणाला अपात्र ठरविणे योग्य नाही. हा चित्रपट दीर्घकाळ दुर्मीळ होता आणि बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रतीमुळे पुन्हा पाहावयास मिळाला, हेही येथे नमूद करावयास हवे. आपल्या नाटकाची आपली प्रत परक्या शहरात सापडावी!

ऑस्करचा आजचा कडक नियमही प्रथमपासून तसा पाळला गेलेला नाही. नॅशनल थिएटरच्या प्रयोगावरून स्टुडिओत चित्रित केलेल्या 'ऑथेल्लो'ला (१९६५) अभिनयाची चार नामांकने मिळाली होती. प्रेक्षकांसमोर चाललेल्या एकपात्री प्रयोगाचे चित्रण असलेल्या 'गिव्ह एम हेल, हॅरी!'साठी (१९७५) जेम्स व्हिटमोर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन लाभले होते.

कायद्याची भूमिका

आपल्याकडील कायदा या सूक्ष्म भेदात शिरत नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार कोणतेही दृश्यमुद्रण, त्यासोबतच्या ध्वनीसह, चित्रपट ठरते. आणि नाट्यकृतीच्या व्याख्येतून चित्रपट स्पष्टपणे वगळला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी चित्रित नाटक हा निःसंशय चित्रपट आहे. याचा परिणाम कलावंताच्या हक्कावरही होतो. एकदा लेखी कराराने आपले सादरीकरण चित्रपटात समाविष्ट करण्यास संमती दिली की, विरुद्ध करार नसल्यास, त्या चित्रपटापुरती निर्मात्याच्या उपभोगाला कलावंत हरकत घेऊ शकत नाही. व्यावसायिक वापरासाठी स्वामित्वधन मिळण्याचा त्याचा हक्क मात्र शिल्लक राहतो. ज्या गायक नटाचे सादरीकरण कायदा चित्रपट म्हणून बांधून घेतो, त्यालाच पुरस्काराच्या वेळी 'हा चित्रपट नव्हे' असे सांगणे विसंगत आहे.

मग निवाडा कसा करावा?

माझे म्हणणे असे की, पात्रता संपूर्ण कृतीला देण्याऐवजी विभागवार द्यावी. छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण आणि चित्रणाचे दिग्दर्शन ही कामे चित्रणासाठीच केलेली असतात. त्यांचा विचार इतर चित्रपटांबरोबर अवश्य व्हावा. 'हॅमिल्टन'मध्ये प्रेक्षकांसमोरील दोन प्रयोगांखेरीज रिकाम्या नाट्यगृहात जवळून टिपलेली दृश्येही आहेत. सभागृहातील कोणत्याही खुर्चीवरून ती दिसली नसती. हे श्रेय नाटकाचे नाही, चित्रणाचे आहे. उलट संहिता, संगीतरचना, नेपथ्य व अभिनय ही रंगभूमीची निर्मिती. तिच्या गौरवासाठी संगीत नाटक अकादमीपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत व्यवस्था आहेत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात अशा कृतीने उतरू नये, असे मला वाटते, कारण तेथे या दोन्ही श्रेयांची बेरीज केली जाते. तिच्यासाठी 'चित्रित रंगप्रयोग' असा स्वतंत्र विभाग असावा. यावर 'आणखी एक विभाग, आणखी एक स्मृतिचिन्ह' असा आक्षेप येईल, आणि पुरस्कारांची आजची संख्या पाहता तो अगदीच निराधार नाही.

तरीही हा विभाग हवा, याचे कारण तळोद्यासारख्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्यास पुणे-मुंबईकरांपेक्षा लवकर पटते. नाट्यवाङ्मयाच्या तासाला 'सौभद्र' शिकविताना संगीत नाटकाचा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी वर्गात क्वचितच आढळतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या या मुलांना काठीच्या राजवाडी होळीचा अनुभव आहे. भ्रमणध्वनीवरील होळीचे चित्रण आणि रात्रभर ढोलाच्या नादात उभे राहणे यांतील फरक त्यांना सांगावा लागत नाही. संगीत नाटकाच्या बाबतीत मात्र त्यांच्यापुढे चित्रणाखेरीज काहीच नसते. ते चित्रणही बहुधा सभागृहाच्या मागील बाजूस ठेवलेल्या एका कॅमेऱ्याचे, तबल्याखाली शब्द बुडालेले, पद संपण्यापूर्वी तुटलेले. चित्रण हा नाटकाचा दुय्यम अवशेष मानला जातो. त्यामुळे त्यावर कोणी खर्च करीत नाही आणि कौशल्यही लावीत नाही. संकलक व ध्वनिमुद्रक यांना त्या कामासाठी मान मिळू लागला, तर संगीत नाटक करणारी जी मोजकी मंडळी उरली आहेत त्यांचे प्रयोग नीट टिपले जातील. आजचा एखादा गायक नट 'सौभद्र'मधील कृष्णाचे पद कसे उचलतो, समेवर येताना साथीदाराकडे कसा पाहतो आणि टाळ्या पडल्यावर पुन्हा कोठून सुरुवात करतो, हे नंदुरबार जिल्ह्यातील वर्गात दाखविता येईल.