‘मूनस्टोन’ आणि तिचे वाचक

श्रोतेहो, सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेल्यामुळें मला एक खोड जडली आहे. कोणीं एखादें पुस्तक चांगलें किंवा वाईट म्हटलें कीं, ‘कां?’ असें विचारल्यावांचून मला राहवत नाहीं. आज एका जुन्या इंग्रजी रहस्यकादंबरीविषयीं निरनिराळ्या वाचकांचीं मतें आपणांपुढें ठेवून मी हाच प्रश्न विचारणार आहें. कादंबरीचें नांव ‘द मूनस्टोन’. लेखक विल्की कॉलिन्स. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांनीं भिऊं नये. चोराचें नांव मी सांगणार नाहीं.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत १८६८ सालच्या ४ जानेवारीपासून ८ ऑगस्टपर्यंत ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. कथा मात्र वीस वर्षें मागची आहे. १८४८ सालीं यॉर्कशायरमधील एका श्रीमंत घराण्यांतील मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून एक मोठा पिवळा हिरा मिळतो आणि त्याच रात्रीं तो नाहींसा होतो. घरांत आप्त, पाहुणे आणि नोकर; बाहेर जादूगारांच्या वेषांत फिरणारे तीन हिंदी ब्राह्मण. संशय एकावरून दुसऱ्यावर जातो. परंतु लेखक स्वतः तोंड उघडीत नाहीं. घरचा वृद्ध कारभारी, धर्मपत्रकें वांटीत फिरणारी एक नात्यांतली बाई, कुटुंबाचा वकील, डॉक्टरचा मदतनीस असे अनेकजण आपापली हकीकत लिहून देतात, आणि प्रत्येकानें स्वतःस ठाऊक असेल तेवढेंच लिहावें असा दंडक आहे. कोर्टांतील जबान्यांप्रमाणें त्या हकीकती एकामागून एक येतात, आणि न्यायाधीशाच्या खुर्चींत बसावें लागतें तें वाचकाला.

आतां वाचक काय म्हणाले तें पाहूं. कादंबरी छापली जात असतां साप्ताहिकाच्या कचेरीपुढें नव्या अंकासाठीं गर्दी लोटे, असें तिच्या प्रकाशकानें, विल्यम टिन्स्लीनें, आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. पाठीवरचें ओझें न उतरतां हमालसुद्धां ती वाचीत. खुद्द डिकन्सला आरंभींचे भाग फार आवडले होते. पण पुढें त्यानेंच एका पत्रांत तिच्या रचनेचा आपणांस वीट आल्याचें लिहिलें. कादंबरीकार ट्रोलप याचा आक्षेप कॉलिन्सच्या एकंदर लेखनावर होता. सगळी मांडणी अशी काटेकोर, कीं वाचतांना सुताराच्या ओळंब्याचा विसरच पडत नाहीं, असा त्याचा भावार्थ. उलट विसाव्या शतकांत कवि एलियट आणि स्वतः रहस्यकथा लिहिणारी डोरोथी सेयर्स या दोघांनींहि हिला इंग्रजी गुप्तहेरकथांत अग्रस्थान दिलें.

श्रोतेहो, नीट पाहिलें तर ही स्तुति आणि ही निंदा एकाच गुणाची आहे. रचना हेंच ज्याला सुख, त्याला ती मोहविते. ज्याला पात्रांच्या अंतःकरणाची ओढ, त्याला ती शिणविते. आमच्या शेजारीं एक निवृत्त वकील राहतात. तीन रात्री जागून त्यांनीं पुस्तक संपविलें आणि म्हणाले, “मास्तर, साक्षीदार खोटें बोलत नाहीं, तरी खरें सांपडत नाहीं. आमच्या धंद्याचें मर्म यानें बरोबर पकडलें आहे!”

मींहि हें पुस्तक दोनदां वाचून त्याच रचनेचें कौतुक करीत बसलों होतों. पण कॉलेजांत शिकणाऱ्या माझ्या नातीनें तें मिटून विचारलें, “आजोबा, हिरा कोणीं चोरला म्हणून एवढा शोध. पण तो यांच्या घरीं आला कसा?”

खरें सांगतों, मी वरमलों. उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच पानांत आहे. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां चाललेल्या लुटींत एक इंग्रज अधिकारी हत्या करून टिपूच्या शस्त्रागारांतून हा हिरा घेतो. त्याच्या चुलतभावाचा संशय पक्का होतो. पण प्रत्यक्ष पुरावा नाहीं म्हणून तो गप्प बसतो. दुसऱ्या चोरीसाठीं लंडनहून नामांकित गुप्तहेर येतो; पहिल्या चोरीची चौकशी कोणींच करीत नाहीं.

कॉलिन्सला हें दिसत होतें काय? मला वाटतें, दिसत होतें. कथेच्या शेवटीं हिरा इंग्रज घरीं परतत नाहीं. तो सोमनाथास, ज्या देवाचा त्याच्या कपाळीं जातो. ज्या तिघा ब्राह्मणांनीं त्यासाठीं समुद्र ओलांडून आपली जात गमाविली, ते प्रायश्चित्त म्हणून तीन दिशांना यात्रेस निघतात, पुन्हां एकमेकांचें तोंड न पाहण्यासाठीं. त्यांच्या हातांनाहि रक्त लागलेलें आहे. तरी त्यांच्या निष्ठेपुढें लेखक मान लववितो. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, इंग्लंडांत हिंदी माणसाविषयींचा राग निवाला नसतां, हें लिहिणें सोपें नव्हतें.

चुका आहेतच. सोमनाथ हें शंकराचें ज्योतिर्लिंग. कॉलिन्सनें तेथें हरणावर बसलेली चतुर्भुज चंद्रदेवाची मूर्ति कल्पिली. तो हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता. परंतु प्रस्तावनेंत त्यानें कोहिनूरचा उल्लेख केला आहे. तो हिरा १८४९ सालीं पंजाब खालसा झाल्यावर बालमहाराज दुलीपसिंगाकडून घेण्यांत आला आणि आजहि लंडनच्या टॉवरमध्यें आहे. कादंबरींतला हिरा घरीं परतला. हा परतलेला नाहीं.

म्हणून माझी विनंती एवढीच. ‘मूनस्टोन’ दोनदां वाचावी. पहिल्यानें चोर कोण हें शोधण्यासाठीं, आणि दुसऱ्यानें धनी कोण हें ठरविण्यासाठीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कॉलिन्स देतो. दुसऱ्याचा निकाल देतांना खुर्चींत आपणच बसलेलों असतों, आणि मला तेथें बसविलें तें माझ्या नातीनें.