कुंडीतल्या लिंबाची पानं कोण खातंय?

औषध आणायच्या आधी पान नीट बघा. कड कुरतडलेली असेल, तर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतंय का? तीच अळी! मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचलं की डोक्यामागून केशरी-लाल शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचं सुंदर फुलपाखरू होतं. कढीपत्त्यावरही येते. फवारणी नकोच, हाताने उचला. झाड मोठं असेल तर माझ्या मते दोन-चार अळ्या राहू द्याव्यात.

कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा असतील आणि पान आकसलं असेल, तर ती नागअळी. ती पानाच्या आत असते, त्यामुळे वरून फवारून फारसं हाती लागत नाही. जास्त बिघडलेली पानं खुडून टाका. नवी पालवी फुटताच लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घालून, ऊन उतरल्यावर पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा.

पानं चिकट आणि मुंग्यांची ये-जा? मावा असणार. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा.

ओळखता येत नसेल तर पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका.