गर्भसंभवाचें गणित
(नभोवाणीवरील भाषण)

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत पाण्याचा हिशेब लहान मुलांसही ठाऊक असतो. नीरा डाव्या कालव्याचें आवर्तन केव्हां सुटणार, उसाला पुढचें पाणी किती दिवसांनीं मिळणार, याची चर्चा घरोघर मोकळेपणानें होते. परंतु मूल केव्हां व्हावें, आणि तूर्त नको असेल तर काय करावें, हा प्रश्न निघाला कीं वडील माणसें उठून जातात व सून मान खालीं घालते. मग ज्ञानाची जागा ऐकीव गोष्टी घेतात, आणि त्यांची किंमत एकट्या स्त्रीला आपल्या शरीरानें मोजावी लागते. यास्तव आज या विषयाचा विचार आपण गणितासारखा पायरीपायरीनें करूं.

महाराष्ट्राला हा मार्ग एका गणिताच्या प्राध्यापकानेंच दाखविला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंचें केंद्रही त्याच वर्षीं निघालें. या कार्यापायीं कर्व्यांना विल्सन कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचकांच्या खासगी प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचें वकीलपत्र घेऊन उभे राहिले. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. पण १९५२ पासून कुटुंबनियोजन हें देशाचेंच धोरण झालें.

आतां मूळ मुद्दा. स्त्रीच्या शरीरांत साधारणतः दर महिन्यास एक बीज सुटतें व तें फार तर एक दिवस टिकतें. पुरुषाचे शुक्रजंतु मात्र तेथें ५ दिवसांपर्यंत तग धरूं शकतात. म्हणून बीज सुटण्यापूर्वींचे ५ दिवस व तो दिवस, असे ६ दिवस गर्भसंभवाचे होत.

हें ऐकून पुष्कळांना वाटतें कीं, तेवढे ६ दिवस टाळले म्हणजे झालें. मेख येथेंच आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुधा १४ दिवसांच्या आसपास असतो. अधिक कमीजास्त होतो तो त्याच्या आधींचा काळ. २८ दिवसांनीं पाळी येणाऱ्या स्त्रीचें बीज सुमारें १४ व्या दिवशीं सुटेल, ३५ दिवसांनीं येणारीचें सुमारें २१ व्या, आणि २४ दिवसांनीं येणारीचें सुमारें १० व्या दिवशीं. म्हणजे या शेवटच्या स्त्रीस पाळी संपते न संपते तोंच धोका सुरू होतो. शिवाय हा हिशेब पुढच्या पाळीपासून मागें मोजावयाचा, आणि ती केव्हां येणार हें आधीं निश्चित कोणास ठाऊक? कालव्याचें पाणी जसें चार दिवस पुढेंमागें होतें, तसें आजारानें वा काळजीनें हेंही आवर्तन चळतें. केवळ दिनदर्शिकेवर भिस्त ठेवणें म्हणूनच धोक्याचें.

दुसरी समजूत अंगावर पाजणाऱ्या मातेविषयीं. अशा बाईस दिवस जात नाहींत, असें सर्रास म्हणतात. हें तीन अटींवरच खरें: मूल ६ महिन्यांच्या आंतील असावें, तें दिवसारात्रीं केवळ आईच्या दुधावर असावें, आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. यांपैकीं एक अट मोडली कीं भरंवसा संपला. पाळी परत येण्यापूर्वींच बीज सुटूं शकतें, हें विसरूं नये.

आतां साधनांचा हिशेब. कोणतेंच साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकीं वर्षभरांत सुमारें ८५ ठिकाणीं गर्भ राहतो. वीर्य बाहेर सोडण्याच्या पद्धतीनें ही संख्या सुमारें २० होते, निरोधानें १३, रोजच्या गोळ्यांनीं ७, आणि तांबीनें किंवा शस्त्रक्रियेनें एकाहूनही कमी. हे आंकडे प्रत्यक्ष व्यवहारांतील, म्हणजे विसरणें व हयगय धरून आहेत. बिनचूक वापरल्यास निरोध व गोळ्या याहून पुष्कळच अधिक उपयोगी ठरतात. पण वर्षाला १३ हा धोका तसाच कायम धरिला, तर पांच वर्षांअखेर जवळजवळ निम्म्या घरीं नको असतां पाळणा हलेल! लहान दिसणारा धोका वर्षांगणिक असा सांचत जातो.

चूक झालीच तर घाबरून स्वस्थ बसूं नये. तातडीची गोळी ७२ तासांच्या आंत, आणि जितकी लवकर तितकी बरी, घ्यावी. ती रोजच्या साधनाची जागा घेऊं शकत नाहीं, व गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाहीं. पाळी चुकली तर लघवीची तपासणी करावी. गर्भ नको असेल, तर दुकानांतून परस्पर गोळ्या आणूं नयेत. गर्भ नळींत राहिला असल्यास त्या गोळ्यांनीं तो पडत नाहीं, आणि नळी फुटून जिवावर बेततें. १९७१ च्या कायद्यानें व त्यांतील २०२१ च्या सुधारणेनें, ठराविक कारणांसाठीं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराच्या मतानें, आणि कांहीं विशेष परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मतानें, गर्भपात करतां येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति त्यास पुरेशी आहे; पतीची सही कायद्यास लागत नाहीं.

निरोध, माला-एन व छाया या गोळ्या, तीन महिन्यांनीं घ्यावयाचें अंतरा इंजेक्शन, तांबी, हीं साधनें सरकारी आरोग्यव्यवस्थेंत विनामूल्य मिळतात. बारामतीस व इंदापुरास उपजिल्हा रुग्णालयें आहेत. खेडोपाडीं आशाताई आहेत. रक्तदाब असणाऱ्या वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें माला-एन घेण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

पुरुष श्रोत्यांस एक सांगणें आहे. पुरुषाची नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी व कमी धोक्याची आहे. तरी बहुतेक घरांत टेबलावर निजते ती बायकोच. हा न्याय नव्हे. आणि ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं मुलामुलींस हा हिशेब अक्षता पडण्यापूर्वीं समजावून द्यावा. देण्याघेण्याच्या याद्या करण्यापेक्षां तें अधिक अगत्याचें आहे.