वॉरंटी फुकट, पण हेलपाटे कुणाच्या पदरचे?

‘अहो वहिनी, वॉरंटीत आहे ना? मग काळजी कसली? एक पैसासुद्धा पडायचा नाही!’

दुकानदाराचं हे वाक्य ऐकलं की कसं हायसं वाटतं, नाही? मलाही तसंच वाटलं होतं. मुलीचं कॉलेजचं काम आणि माझ्या शिकवणीचे हिशोब यासाठी आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. कऱ्हाडात वीज मधूनच जाते, म्हणून ३,२०० रुपयांचा यू.पी.एस. घेतला. वॉरंटी दोन वर्षांची, बॅटरीची एक वर्षाची. आठव्या महिन्यात त्याने मान टाकली. वीज गेली की कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद!

दुकानदार म्हणाला, ‘आम्ही फक्त विकतो. दुरुस्ती कोल्हापूरला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये.’ कुरियरवाल्याने आत बॅटरी आहे म्हणून पार्सल घ्यायला नकार दिला. शेवटी ते पाच किलोंचं धूड पिशवीत घालून मीच एस.टी.त बसले.

पहिल्या खेपेला तिथल्या मुलाने बिल उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. ‘बाई, यावर तारीखच दिसत नाही. बिल नाही, तर वॉरंटी नाही.’ खरंच की! प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं बिल पांढरंफटक झालं होतं. दुकानातून नवी प्रत आणून दुसऱ्या खेपेला यू.पी.एस. दिला. ‘शुक्रवारी या’ म्हणाले, म्हणून शुक्रवारी गेले, तर ‘पार्ट आलाच नाही!’

घरी येऊन वहीत हिशोब मांडला. घर ते स्टँड रिक्षा ६० रुपये, एस.टी.चं बायकांचं अर्धं तिकीट ७०, कोल्हापुरात रिक्षा ८०. म्हणजे जाऊन-येऊन ४२०, आणि तीन खेपांचे १,२६०! वस्तूच्या किमतीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग ‘फुकट’ दुरुस्तीत गेला, आणि वस्तू अजून तिथेच. हे म्हणाले, ‘सोडून दे, नवीनच घेऊ.’ पण दिवाळीसाठी बाजूला टाकलेल्या पैशांतून पुन्हा सव्वातीन हजार घालायचे? माझं मन काही तयार होईना.

मैत्रिणींनो, चूक कंपनीची होती, तशी थोडी माझीही होती. वॉरंटी म्हणजे दुरुस्तीची हमी. ने-आण कुणी करायची, हे कार्डावर बारीक अक्षरात वेगळं लिहिलेलं असतं, आणि ते आपण वाचतच नाही. म्हणून माझ्या हेलपाट्यांतून शिकलेलं थोडं सांगते.

घेतानाच विचारा

रंग आणि किंमत विचारतो, तसे हेही प्रश्न विचारा. बिघडलं तर माणूस घरी येतो, की वस्तू आपण न्यायची? सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी आहे? पाठवण्याचा खर्च कोण देतं? बॅटरी, अडॅप्टर, वायर यांना तितकीच वॉरंटी आहे, की कमी? प्रिंटरची शाई तर बहुधा धरलेलीच नसते. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले, तरी गावात सेंटर असलेली वस्तू शेवटी स्वस्त पडते.

बिल जपा, पण कसं?

दुकानातल्या छोट्या यंत्रातून येणारं गुळगुळीत बिल उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातही पुसट होतं. घरी आल्याबरोबर त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि साध्या कागदावर झेरॉक्स करून ठेवा. वस्तूवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. नंबरचं स्टिकर फाटू देऊ नका, आणि ओळखीच्या मेकॅनिककडून वस्तू उघडून घेऊ नका. त्या कारणाने वॉरंटी नाकारतात.

निघण्यापूर्वी

बिघाड नक्की कुठे आहे, ते आधी पाहा. माऊसचा सेल बदलून पाहा. की-बोर्ड शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला लावून पाहा. यू.पी.एस. दुसऱ्या प्लगवर लावा. कित्येकदा दोष प्लगमध्ये निघतो आणि खेप वाचते. मग सेंटरला फोन करून काय काय आणायचं, पार्ट शिल्लक आहे का, ते विचारा. मी हा एक फोन केला असता, तर निदान एक खेप नक्की वाचली असती.

हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल, तर एक लक्षात ठेवा. कंपनी वस्तू बदलून देते, आतले फोटो नाही. बारशापासूनचे फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका.

काउंटरवर

वस्तू हातात देऊन ‘बरं, येते’ म्हणू नका. पोच पावती घ्या. तिच्यावर तारीख, सीरियल नंबर, काय बिघडलं आणि परत कधी मिळणार, हे लिहून घ्या. बॉक्स, वायर, अडॅप्टर काय काय दिलं, तेही लिहा. ‘तुटलेली दिसते’ असा वाद नंतर नको, म्हणून देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

आणि तरीही टोलवाटोलवी झाली तर?

इथे आपण गप्प बसतो. ‘एवढ्यासाठी कुठे भांडायचं?’ म्हणतो. पण भांडायचं नाहीच मुळी, लिहायचं आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलं म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही. ऑनलाइन खरेदी असेल, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं, असा २०२० चा नियम आहे.

आधी कंपनीला ई-मेल करा. तारखा आणि खर्च क्रमाने मांडा, रागाचे शब्द टाळा. उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. झालेल्या त्रासाची आणि खर्चाची भरपाईही मागता येते.

मीही तेच केलं. तीन तारखा, तीन खेपा आणि १,२६० रुपये, सगळं लिहून ई-मेल पाठवला. आठवडाभर उत्तर नाही, तेव्हा १९१५ ला फोन लावला. नंतर कंपनीचा फोन आला, आणि नवी बॅटरी घातलेला यू.पी.एस. त्यांचा माणूस घरी आणून देऊन गेला. प्रवासाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. पण चौथी खेप वाचली आणि दिवाळीच्या पैशांतले उरलेले वाचले.

आता आमच्या कपाटात एक फाइल आहे. मिक्सरपासून माऊसपर्यंत प्रत्येक वस्तूचं बिल, झेरॉक्स आणि नंबर तिच्यात आहे. परवा नवा प्रिंटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, वॉरंटीत आहे, काळजी नको.’ मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, ‘ते ठीक. पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे, ते आधी सांगा!’