हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गवतही वाढतं का? पाऊस कधी पडतो, यावर ते ठरतं

'कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्न. तो वाढला तर पृथ्वी आणखी हिरवी होईल, मग काळजी कशाची?' असे मेसेज सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग कितपत खरा, हे शास्त्रज्ञांनी गवताळ माळरानांवर वर्षानुवर्षं तपासलं आहे.

हा वायू किती वाढलाय?

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण 280 भाग होते. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ इथे नियमित मोजमाप सुरू झालं, तेव्हा ते 315 च्या आसपास होते. आज हा आकडा 420 च्या वर आहे.

गवताला त्याचा फायदा कसा होतो?

दोन प्रकारे. एक म्हणजे, सूर्यप्रकाशात अन्न तयार करायला जास्त कच्चा माल मिळतो. दुसरं म्हणजे पाण्याची बचत. पानांवरच्या बारीक छिद्रांतून हा वायू आत येतो आणि त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेत वायू भरपूर असला की पानं ही छिद्रं कमी उघडतात. त्यामुळे जमिनीतली ओल जास्त दिवस टिकते.

यावरून सरळ अंदाज निघतो: जिथे पाऊस कमी, तिथे फायदा जास्त. पण प्रत्यक्षात हा हिशोब जुळेना. वर्षभराचा एकूण पाऊस आणि गवताची वाढलेली वाढ यांचा मेळच लागत नव्हता.

टास्मानियात काय आढळलं?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उघड्या माळावर एक प्रयोग झाला. गवताच्या तुकड्यांभोवती नळ्या लावून तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साधारण 550 पर्यंत वाढवलं गेलं. नऊ वर्षांच्या नोंदींवरचे निष्कर्ष 2014 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

उन्हाळ्यात चांगला पाऊस झाला, त्या वर्षी जास्तीच्या वायूचा गवताला अधिक फायदा झाला. वसंत आणि शरद ऋतूत पाऊस जास्त झाला, तर मात्र फायदा घटला. संशोधकांच्या मते याचं कारण नायट्रोजन. थंड महिन्यांतल्या पावसामुळे गवताला मातीतून मिळणारा नायट्रोजन कमी झाला, आणि तो नसेल तर नुसत्या कार्बनवर गवत वाढत नाही.

सगळीकडे असंच होतं का?

2019 मध्ये जगभरातल्या समशीतोष्ण गवताळ प्रदेशांतल्या 19 प्रयोगांची तुलना प्रसिद्ध झाली. पाऊस ऋतूनुसार वेगळा करून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. जिथे वसंतात पाऊस जास्त, तिथे फायदा जास्त. जिथे बाकीच्या ऋतूंत पाऊस जास्त, तिथे फायदा कमी. आणि वसंतात भरपूर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी बहुधा इतर वेळीही भरपूर पडतो, त्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात.

म्हणजे एकाच माळावरची वेगवेगळी वर्षं आणि जगातले वेगवेगळे माळ यांचं उत्तर अगदी सारखं नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते: पाऊस वर्षात किती मिलिमीटर झाला, एवढ्यावरून अंदाज बांधता येत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथल्या प्रयोगातही हेच अधोरेखित झालं. उन्हाळी पाऊस आणि नायट्रोजन दोन्ही कमी पडले, तेव्हा जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडचा फायदा उरलाच नाही.

गवताची जातही महत्त्वाची

प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार वनस्पतींचे काही गट पडतात. गहू आणि भात सी-3 गटात, तर ज्वारी, मका आणि ऊस सी-4 गटात. सी-4 वनस्पती हा वायू आधीच पानात साठवून वापरतात, म्हणून तो वाढल्यावर त्यांना थेट फायदा कमी होईल, असं मानलं जायचं. सीडर क्रीकमध्ये पहिली 12 वर्षं तसंच दिसलं. पुढच्या 8 वर्षांत मात्र चित्र उलटलं, सी-4 गवतं पुढे गेली. वायोमिंगमधल्या कोरड्या माळावरही, जमीन तापवलेली असताना, पाण्याच्या बचतीमुळे सी-4 गवतांची भरभराट झाली.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या भागांतल्या माळरानांवर वाढणारी कुसळी आणि मारवेल ही सी-4 गटातलीच गवतं आहेत. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे थंड प्रदेशांतले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण प्रश्न तोच राहतो: पाऊस वेळेवर येतो का, की मोठा खंड पडून मग एकदम कोसळतो?

मेंढ्या घेऊन माळ पालथे घालणाऱ्या धनगरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की वनस्पतींमधलं नायट्रोजनचं, पर्यायाने प्रथिनांचं प्रमाण सहसा घटतं. चारा डोळ्यांना भरपूर दिसला, तरी त्यातलं पोषण तेवढंच असेल असं नाही.

तेव्हा 'कार्बन वाढला की हिरवाई वाढते' असा मेसेज आला, तर तीन प्रश्न विचारावेत: पाऊस कोणत्या महिन्यात? मातीत नायट्रोजन किती? आणि गवत कोणतं?