पत कशी उभी राहते

ज्याने आयुष्यात कधी कर्ज काढले नाही त्याची पत सर्वांत चोख, अशी आपली समजूत असते. बँकेचा हिशेब निराळा आहे. भारतात २००५ च्या कायद्यान्वये पतमाहिती कंपन्या कर्जफेडीची नोंद ठेवतात व तीवरून ३०० ते ९०० पर्यंत गुणांक देतात. कर्जच नसेल तर नोंद कोठून येणार? असा मनुष्य बँकेच्या लेखी बुडवा नव्हे, केवळ अनोळखी ठरतो. त्याच्या बचत खात्यातील शिल्लकही येथे कामी येत नाही, कारण ती या नोंदीत नसतेच.

या कोंडीतून निघण्याची एक साधी वाट म्हणजे स्वतःची मुदत ठेव तारण देऊन क्रेडिट कार्ड घेणे. बँकेचे पैसे सुरक्षित असल्याने ती पूर्वीची नोंद सहसा मागत नाही. खरेदी थोडकीच करावी आणि मुदतीच्या आत संपूर्ण रक्कम भरावी. किमान रक्कम भरून तात्पुरते भागते खरे, परंतु उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढते. साधारणतः सहा महिन्यांत गुणांक दिसू लागतो. दरम्यान चार बँकांकडे एकदम अर्ज करण्याची घाई नडते, कारण प्रत्येक चौकशीचीही नोंद होते. भिडेखातर मित्राला जामीन राहिलेल्यांची गोष्ट तर याहून बिकट: हप्ते तो थकवितो, डाग यांच्या नोंदीवरही उमटतो.