काट्यावरचा वेग आणि रस्त्यावरचा

गाडी किती पळते असं विचारलं, की मालक काट्यावर पाहिलेला आकडा सांगतो. तो बहुतेक वेळा जास्तच असतो, आणि त्यात मालकाचा काही दोष नसतो. युरोपात चालणारा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरला खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला सक्त मनाई करतो. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे: खऱ्या वेगाच्या दहा टक्के, वर आणखी ताशी ४ किलोमीटर. म्हणजे ताशी ३१८ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीने ३५० दाखवले, तरी ती नियमात बसते. अमेरिकेत एके काळी याच्या उलट गंमत होती. १९७९ पासून काही वर्षं तिथल्या नव्या मोटारींच्या स्पीडोमीटरवर ताशी ८५ मैलांच्या पुढे आकडेच छापायचे नाहीत, असा केंद्र सरकारचा दंडक होता. १९८२ मध्ये तो उठला. तोवरच्या व्ही-८ गाड्यांचा काटा ८५ च्या पुढे नुसत्या काळ्या पट्टीवर फिरायचा, आणि उरलेला वेग ज्याचा त्याने कल्पनेने भरायचा.

मी यातला लॉगरवाला, म्हणजे वेगाच्या नोंदी घेणाऱ्या यंत्राचा माणूस. गाडी चालवणारा वेगळा असतो. माझं काम गाडीवर अँटेना बसवायचं, वायरी ओढायच्या आणि शेवटी कोणता आकडा कागदावर जाईल ते सांगायचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट लिबर्टीला साडेसात मैलांचा चाचणी ओव्हल आहे. तशा ठिकाणी सुपरचार्जर लावलेली मसल कार येते, तेव्हा तिच्याभोवतीची माणसं दोन जातींची असतात. एकांना मोठा आकडा हवा असतो, दुसऱ्यांना खरा. दिवसभर दोघांचं बोलणं अगदी गोडीगुलाबीचं असतं. भांडण लागतं ते संध्याकाळी.

सुरुवात टायरपासून होते. काट्याला वेग कळतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून, आणि फेरीचं अंतर टायरच्या आकारावर ठरतं. अशा गाडीच्या मागच्या टायरची त्रिज्या साधारण ३४५ मिलिमीटर धरा. रबर ५ मिलिमीटर झिजलं, की फेरी जवळपास दीड टक्क्याने आखूड होते. ३१८ च्या वेगाला तेवढ्यानेच साडेचार किलोमीटरचा फरक पडतो. उलट बाजूने, जोरात फिरणारा टायर थोडा फुगतोही. शिवाय ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती रस्त्यावर किंचित घसरत, गाडीपेक्षा थोडी जास्तच फिरत असतात. या तिन्ही चुका एकमेकींना खोडतील या भरवशावर राहणं म्हणजे मोजणं नव्हे. म्हणून चाकांना विचारायचंच नाही. छतावर उपग्रहाचा संदेश घेणारी अँटेना लावायची. तिच्याकडे येणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येत गाडीच्या गतीमुळे जो बदल होतो, त्यावरून लॉगर थेट वेग काढतो. मोबाइलमधलं अॅपही उपग्रहच बघतं, पण बहुतेक फोन सेकंदाला एकदाच बघतात. ३१८ च्या वेगाला एका सेकंदात गाडी ८८ मीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला वीस नोंदी घेणाऱ्या लॉगरच्या दोन नोंदींमध्ये हेच अंतर साडेचार मीटरच्या आत असतं.

टायरमधली हवा थंड असतानाच बघावी लागते. २०१७ मध्ये शेव्हरलेटने कॅमारो झेडएल१ चा वेग जाहीर केला, तेव्हा टायरमध्ये ४४ पीएसआय हवा होती, हेही सोबत सांगितलं होतं. मला त्यांच्या घोषणेतली हीच ओळ सर्वांत आवडली. रोजच्या वापराला ही हवा फार कडक, पण सतत भन्नाट वेगाने पळताना मऊ टायर दबतो, तापतो आणि शेवटी फुटतो. आमच्याकडे प्रत्येक धावेनंतर एक जण गुडघे टेकून टायरवरून हात फिरवतो, तापमान घेतो, फोड आलाय का बघतो. त्याने मान हलवली नाही तर पुढची धाव नाही, मग चालक कितीही उतावीळ असो.

यानंतर हवा, म्हणजे वातावरणातली. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद घनाने. ३०० वरून ३१८ वर जायचं तर वेग वाढतो सहा टक्के, पण हवेला द्यावी लागणारी ताकद वाढते जवळपास एकोणीस टक्के. म्हणून साडेसहाशे-सातशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांचे कमाल वेग एकमेकींच्या आसपासच घोटाळतात. शेवटचे पाच-दहा किलोमीटर विकत घ्यायला सगळी श्रीमंती खर्ची पडते. याच टप्प्यावर फुकटची मदत डोळ्यांत भरते. पावणेदोन टनांची गाडी ३१८ ने जात असताना रस्त्याला नुसता एक टक्का उतार असेल, तर गुरुत्वाकर्षण तिला वीसेक हॉर्सपॉवर दान करतं. डोळ्यांना तो उतार दिसतही नाही. पाठचा वाराही असाच दाता. म्हणून एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी घ्यायची.

सांगायला हे सोपं आहे. चाचणी ओव्हलवर वाहतूक एकाच दिशेने चालते. उलट धावायचं तर अख्खा ट्रॅक आपल्या एकट्यासाठी घ्यावा लागतो, फाटकं बंद करावी लागतात, रुग्णवाहिकेच्या माणसांना कळवावं लागतं. त्याचे पैसे बघून मोठ्या आकड्याच्या जातीतला कोणीतरी हमखास विचारतो, ‘एका दिशेचं दिलं तर नाही का चालणार?’

कॅमारोचं उदाहरण म्हणून देतो. जर्मनीत पापेनबुर्गला १२.३ किलोमीटरचा ओव्हल आहे. तिथे साडेसहाशे हॉर्सपॉवरच्या झेडएल१ ने एका दिशेने ताशी २०२.३ मैल, म्हणजे सुमारे ३२५.६ किलोमीटर वेग गाठला. अमेरिकन माणसाला २०० मैलांच्या आकड्याचं काय आकर्षण आहे ते सांगायला नको. जाहिरात तिथेच तयार झाली असती. पण कंपनीने जाहीर केलं १९८ मैल, सुमारे ३१८.६ किलोमीटर, कारण दोन्ही दिशांची सरासरी तेवढीच होती. कॅमारोचे मुख्य अभियंता अल ओपनहायझर यांनी याला एक जोड दिली: ट्रॅकच्या कलत्या वळणांवर टायर घासतात, सरळ रस्त्यावर गाडी २०० च्या पुढे जाईल असा आमचा हिशोब आहे. हिशोब बरोबरही असेल. कलत्या वळणावर एका ठरावीक वेगापुढे टायरला बाजूचाही जोर लावावा लागतो, गाडी रस्त्यात दाबली जाते आणि त्यात वेग जातो. पण हिशोब तो हिशोब. त्यांनी तो मोजमापापासून वेगळा ठेवला, याला मी मोठेपणा म्हणतो.

असा मोठेपणा सगळीकडे नसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्याच एसएससी कंपनीने आपल्या तुआतारा या सुपरकारने नेवाडातल्या सरळ रस्त्यावर ताशी ३१६ मैलांची सरासरी गाठल्याचं जाहीर केलं. प्रेक्षकांनी व्हिडिओ थांबवून रस्त्याकडेच्या खुणांमधलं अंतर मोजलं, त्याला लागलेल्या सेकंदांनी भागलं, आणि पडद्यावरचा वेग जुळेना. पुढच्या वर्षी तो वेग गाठला नव्हता हे कंपनीनेच मान्य केलं. शाळेतलं वेग, वेळ, अंतराचं गणित होतं ते.

संध्याकाळचं भांडण आलेखावर होतं. पडद्यावर वेगाची रेघ असते आणि प्रत्येकाचं बोट तिच्या सर्वांत उंच टोकावर जातं. ते टोक एका नोंदीचं, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाचं. वाऱ्याची एखादी झुळूक, गाडीचा एखादा हिसका, अँटेनाची क्षणभराची गडबड, काहीही असू शकतं. मी बघतो ती सपाटी. पट्ट्याच्या शेवटी रेघ अजून चढतीच असेल तर गाडीचा कमाल वेग आलाच नाही, फक्त रस्ता संपला. उभ्यापासून एक मैल धावण्याच्या स्पर्धांत हेच होतं. तिथला आकडा गाडीच्या चपळाईचा असतो. आणि पूर्ण ओव्हलवरसुद्धा वळणात गेलेला वेग सरळ भागावर परत मिळवता मिळवता पुढचं वळण येतं. त्यामुळे चालक विचारतो, ‘काय आला?’ तेव्हा मी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा कमीच सांगतो. काट्याचं औदार्य गेलं, टोक गेलं, पाठचा वारा गेला. उरतं ते त्याचं. त्याला राग येतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र भांडायला जागाच नसते. २०२० ची मस्टँग शेल्बी जीटी५००, ७६० हॉर्सपॉवरची, ताशी १८० मैलांवर संगणकाने अडवलेली आहे. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डेमनला खास पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवर मिळते आणि तिचा कमाल वेग १६८ मैल, म्हणजे तिच्याहून दुबळ्या चॅलेंजर हेलकॅटपेक्षा कमी. डेमनचे टायर पाव मैलाच्या शर्यतीसाठी केलेले, उभ्या जागेवरून रस्त्याला चिकटून सुटणारे. त्यांच्यावर जास्त वेग लादायचा नाही म्हणून ती मर्यादा. हवेने अडवलेल्या गाडीची रेघ हळूहळू वाकते आणि शेवटी थोडी थरथरत सपाट होते. संगणकाने अडवलेलीची रेघ जोमात वर येते आणि पट्टीने आखल्यासारखी एकदम आडवी पडते. अशी रेघ दिसली की मी लॉगर काढून ठेवतो; उलट दिशेच्या धावेचे पैसे वाचतात.